कशेळीचा हत्ती : कोकणच्या कातळखोदचित्रांतील चौकट आणि आच्छादन

चित्ररचनेच्या अभ्यासात चौकट व आच्छादन या संकल्पनांना मूलभूत स्थान आहे. पुढची आकृती मागच्या आकृतीचा काही भाग झाकते व त्यातून खोलीचा भास निर्माण होतो, हे तत्त्व मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात (स्थापना 1857) पाश्चात्त्य शिक्षणपद्धतीबरोबर रुजले. म. वि. धुरंधर (1867–1944) यांच्या गर्दीच्या चित्रांत त्याचा प्रत्यय येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवरच्या कातळखोदचित्रांना मात्र हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही.

राजापूर तालुक्यातील कशेळी येथे जांभ्याच्या कातळावर सुमारे 18 मीटर लांब व 13 मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे. त्याच्या देहरेषेच्या आत जलचर व भूचर प्राण्यांच्या सुमारे सत्तर लहान आकृती आहेत. येथे हत्ती हा चित्राचा विषय आहे आणि चौकटही तोच आहे. चित्र जमिनीवर आडवे असल्याने पाहणारा त्याच्याभोवती फिरतो; उभ्या माणसाच्या नजरेत ते एकदम मावत नाही. (आज ते आपण बहुधा ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रात पाहतो. ही दृष्टी कोरणाऱ्यांना कधीच लाभली नव्हती.) अशा रचनेत 'पुढे' आणि 'मागे' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. शिवाय नुसत्या बाह्यरेषेची आकृती दुसरीला झाकत नाही, तिची रेषा दुसरीच्या रेषेला छेदते. हा छेद अंतराचा नव्हे, तर काळाचा निदर्शक असतो. कोणती रेषा आधीची व कोणती नंतरची, हे तेथेच तपासता येते.

सर्वत्र चौकट अशी देहरेषेचीच असते असे नाही. देवीहसोळला आर्यादुर्गा मंदिराजवळ ती प्रत्यक्ष चौकोनाच्या रूपात कोरलेली आहे. बारसूला मनुष्याकृतीच्या दोन्ही बाजूंचे वाघच तिचे काम करतात.

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. जांभ्यावरील कोरीव रेषेचे वय थेट ठरविणे कठीण असल्याने रेषांचे छेद हा कालक्रमाचा महत्त्वाचा पुरावा ठरतो. आरेखन करताना झिजलेली रेषा 'पूर्ण' केली, की तो पुरावा नष्ट होतो; प्रकाशित आरेखनांच्या नेटकेपणाकडे म्हणूनच थोडे संशयाने पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 2022 मध्ये कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य सूचीत आली, त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. त्यांत बारसूही आहे, आणि एप्रिल 2023 मध्ये नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून त्याच सड्यावर आंदोलन झाले. चिरेखाण असो वा रस्ता, आकृतीभोवती कुंपण घालून ती वाचविता येते; परंतु दोन आकृतींमधला रिकामा कातळ हाही रचनेचाच भाग आहे, आणि तो कुंपणाबाहेर राहतो.