लव्हेंडरची बाटली आणि लिंबाचं पान

तिसऱ्या केमोच्या दिवशी आईला हॉस्पिटलच्या दारातच उमासे यायला लागले. औषध शिरेत जायला अजून दोन तास होते. स्पिरिट आणि फिनाईलचा वास आला आणि तिनं पदर नाकाला लावला.

"अगं, अजून काहीच दिलं नाहीये तुला," मी म्हणाले.

"हे नाकाला सांग," ती म्हणाली.

वॉर्डातल्या सिस्टरना यात नवल वाटलं नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकूनच लाळ सुटायची, तसंच हे. पहिल्या दोन केमोंमध्ये मेंदूनं तो वास आणि ओकारी यांची गाठ बांधून ठेवलेली असते. एकदा ही गाठ बसली की उलटीच्या गोळ्यांचाही तिच्यावर फारसा जोर चालत नाही.

त्याच आठवड्यात मामीनं लव्हेंडरच्या तेलाची बाटली आणून दिली. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज : अरोमाथेरपी, कॅन्सरवर रामबाण. "केमोनं माणूस खचतो गं, आधी हे करून बघा," मामी म्हणाली. आई काही बोलली नाही, पण रात्री तिनं हळूच विचारलं, "पुढची केमो थोडी लांबवली तर?" तेव्हा मी घाबरले, आणि त्या बाटलीचा इतिहास वाचायला बसले.

'अरोमाथेरपी' हा शब्द रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा. त्याच्या घरचा धंदाच सुगंधी द्रव्यांचा. इंटरनेटवरची गोष्ट अशी : प्रयोगशाळेत हात भाजला, त्यानं तो शेजारच्या लव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि चमत्कार झाला. १९३७च्या पुस्तकात तो स्वतः वेगळंच सांगतो. १९१०मध्ये स्फोट झाला, तो गवतावर लोळून आग विझवू शकला, पण नंतर हातांना गॅस गँगरीन झालं. लव्हेंडरच्या अर्कानं धुतल्यावर ते थांबलं, असा त्याचा अनुभव. म्हणजे ही गोष्ट जखमेतल्या जंतूंची होती. कॅन्सरचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पण 'थेरपी' हा शब्द एकदा चिकटला की बाटलीकडून लोकांच्या अपेक्षा वाढतात.

गंमत म्हणजे केमोच्या इतिहासाच्या सुरुवातीलाही एक वास आहे. जुलै १९१७मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं एक विषारी रसायन वापरलं. मोहरी-लसणासारख्या वासामुळे त्याला मस्टर्ड गॅस म्हणू लागले. त्यानं मेलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्याचं डॉक्टरांना दिसलं. पुढे १९४२मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्याचंच भावंड, नायट्रोजन मस्टर्ड, लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिलं गेलं. गाठी विरघळल्या, काही आठवड्यांनी परत आल्या. युद्धामुळे हे १९४६पर्यंत गुप्त राहिलं. आजच्या केमोची एक वाट तिथून निघते.

ही औषधं जीव वाचवू लागली, पण रुग्णांना ओकून ओकून नकोसं व्हायचं. ऑनडॅन्सेट्रॉन हे उलटीवरचं प्रभावी औषध अमेरिकेत मिळू लागलं ते १९९१मध्ये. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ब्रिटनमधल्या हॉस्पिसमध्ये आणि कॅन्सरच्या वॉर्डांत सुगंधी तेलांचं हलकं मालिश शिरलं, ते बरंचसं नर्सेसच्या हातून. कॅन्सर बरा करण्यासाठी नाही. घाबरलेल्या माणसाला दहा मिनिटं बरं वाटावं म्हणून.

त्याचा उपयोग किती? २०१६मध्ये कोक्रेन या संस्थेनं १९ अभ्यास, १२७४ रुग्ण तपासले. काहींच्या वेदना आणि चिंता मालिशानं कमी झाल्यासारख्या दिसल्या, पण अभ्यास लहान होते आणि पुरावा अगदीच कच्चा. तेलानं कॅन्सर हटतो का, हा तर त्यांचा प्रश्नच नव्हता.

हे सगळं मी आईला स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता सांगितलं. मग बाटली घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हुंगायला हरकत नाही. प्यायचं नाही, थेट कातडीला लावायचं नाही, आणि गोळी चुकवायची नाही. केमोची तारीख तीच राहिली.

घरी येऊन आईनं बाटली उघडली आणि लगेच बंद केली. "हा तर बाथरूममधल्या वडीचा वास." थोडा वेळ गप्प बसली. "आंब्याच्या घाटात एसटी लागायची मला. आप्पा लिंबाचं पान चुरगळून रुमालात द्यायचे. तसलं आण."

चौथ्या केमोला ती दारातून आत गेली ती रुमाल नाकाशी धरून. एक उमासा आला, पण एकच. रात्री उलटी झाली, ती गोळीनं थांबली. पान नसतं तर काय झालं असतं, ते कोण सांगणार? पण त्या दारातल्या वासापुढे तिनं स्वतः निवडलेला एक वास उभा केला होता, आणि केमो लांबवायचं तिनं पुन्हा काढलं नाही.

सलाईन चालू असताना शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंनी विचारलं, "काय हुंगताय हो?"

आईनं रुमाल सोडला आणि दुसरं पान त्यांच्या हातावर ठेवलं.