मीना (ॲनिमेटेड मालिका)

हा लेख मुलांसाठीच्या ॲनिमेटेड मालिकेविषयी आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळून वाहणाऱ्या व वडज धरण असलेल्या नदीसाठी पहा: मीना नदी.

मीना ही युनिसेफने दक्षिण आशियातील मुलांसाठी निर्माण केलेली विनोदी व बोधपर ॲनिमेटेड मालिका आहे. खेड्यात राहणारी नऊ वर्षांची मीना, तिचा भाऊ राजू, धाकटी बहीण राणी आणि मिठू नावाचा बोलका पोपट ही तिच्यातील मुख्य पात्रे होत. मालिकेतील बहुतेक हशा मिठूच्या वाट्याला येतो.

निर्मिती

सार्क संघटनेने १९९१ ते २००० हे बालिका दशक म्हणून जाहीर केले. त्याच सुमारास युनिसेफच्या ढाका येथील कार्यालयात या पात्राची कल्पना आकारास आली. दिग्दर्शन व चित्ररचना मुंबईचे राम मोहन यांची आहे. ते १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात दाखल झाले होते. पुढे, २०१४ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ साली त्यांचे निधन झाले. आरंभीचे काही भाग मनिला येथील हॅना-बार्बेरा स्टुडिओत, तर नंतरचे मुंबईत तयार झाले. मिठूचा आवाज चेतन शशितल यांचा आहे. पहिला भाग १९९३ साली बांगलादेश टेलिव्हिजनवर दाखवला गेला.

मीना कोणत्या देशाची, हे मालिकेत कोठेही सांगितलेले नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळ येथील खेड्यांत चित्रे दाखवून, मुलांची व पालकांची मते घेऊन तिचे रूप ठरवण्यात आले. नावही हिंदू व मुसलमान अशा दोन्ही घरांत चालेल असे निवडले गेले.

कथानके

पहिल्या भागात राजू शाळेत जातो आणि मीना घरकाम करते. तेव्हा ती मिठूला शाळेच्या खिडकीशी धाडते. तो जे ऐकून येतो, ते ती त्याच्याकडून पाठ करते. अशा रीतीने शिकलेल्या आकड्यांनी ती अंगणातल्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर पकडला जातो. तिला शाळेत घालण्यास वडील राजी होतात ते यानंतर. शिक्षण मिळवण्यासाठी मुलीला आधी त्याचा उपयोग सिद्ध करावा लागतो, ही यातील बोचरी बाजू हसता हसता सहज नजरेआड होते.

आंब्याच्या वाटणीचा भाग सर्वांत प्रसिद्ध आहे. झाडावरून आंबा काढते मीना, पण मोठा तुकडा मिळतो राजूला. रात्री अंडेही एकट्या राजूच्या ताटात पडते. दुसऱ्या दिवशी भावंडे कामांची अदलाबदल करतात. झाडलोट, पाणी आणि राणीला सांभाळणे यांत राजूची दमछाक होते. जेवताना मात्र मीनाचा लहान वाटा त्याच्या पुढ्यात येतो! कामाची आणि अन्नाची विभागणी एका दिवसात उलटी करून दाखवणारी ही युक्ती कोणत्याही व्याख्यानापेक्षा परिणामकारक आहे. अन्य भागांत बालविवाह, हुंडा, अतिसार व हात धुणे हे विषय येतात.

महाराष्ट्रातील उपयोग

भारतात या पात्राच्या नावाने शाळांतून मीना मंच सुरू झाले. महाराष्ट्रात ते ‘मीना-राजू मंच’ या नावाने ओळखले जातात. नावात राजूला दिलेली जागा योग्यच म्हणावी लागेल, कारण आंब्याच्या गोष्टीत बदलतो तो राजू. मंचाचे कामकाज मुले-मुलीच चालवतात व शिक्षक सुगमकर्ता असतो. मुलींची गळती आणि बालविवाह रोखणे हा त्यामागचा मुख्य हेतू आहे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ, प्रामुख्याने महादेव कोळी वस्तीच्या भागात हा प्रश्न केवळ कथेतला नाही. लहान वाड्यांतील शाळा अनेकदा चौथीपर्यंतच असते. त्यापुढे दुसऱ्या गावी चालत जायचे किंवा आश्रमशाळेत राहायचे, असा पर्याय उरतो आणि घरात धाकटे भावंड असेल तर थोरलीचे नाव पहिल्यांदा कमी होते. मीनाला शाळा सोडावी लागेल काय, हा मालिकेच्या एका भागाचाच विषय आहे.

२४ सप्टेंबर हा दिवस ‘मीना दिवस’ म्हणून पाळला जातो.