शब्दांआधीची चित्रे

'विनयभंग' हा शब्द आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३५४ व्या कलमाच्या लेखी विनय हा केवळ स्त्रीचा. बलात्काराच्या कलमातही पीडित व्यक्ती स्त्रीच. ३७७ वे कलम होते खरे. पण त्यात संमती आणि बळजबरी यांतला भेदच केलेला नव्हता. पुरुषावर असा प्रसंग ओढवला, तर त्याला नाव द्यावयास शब्द नव्हता. आणि ज्याला नाव नाही, त्याची दप्तरी नोंद कोण करणार? घरी तर "मुलीसारखा रडतोस काय?" हे उत्तर तयारच असे.

परंतु नोंद नाही म्हणून घटना नाही, असे होत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले गेले. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्या सोसणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने मुलगा व मुलगी हा भेद मिटविला. प्रौढ पुरुषासाठी मात्र १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही स्वतंत्र कलम नाही.

ज्यांच्यापाशी शब्द नाहीत, त्यांनी मन मोकळे करावे कसे? याचे एक उत्तर रुग्णालयांच्या इतिहासात सापडते. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडला. अंथरुणावर चित्रे काढता काढता त्याला उभारी आली, आणि तो इतर रुग्णांनाही कुंचला देऊ लागला. 'कलोपचार' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने १९४२ साली योजला. १९४६ पासून एडवर्ड अ‍ॅडमसन याने इंग्लंडातील नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालविली.

यामागील कारण पुढे शास्त्रालाही थोडेसे उमगले. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी आघातग्रस्त व्यक्तींना त्यांचीच कहाणी ऐकवून मेंदूची छायाचित्रे घेतली. त्या वेळी वाणीशी संबंधित भाग मंदावलेला दिसला. रुग्ण थोडे होते. परंतु आठवण उसळते तेव्हाच जीभ लुळी पडते, या जुन्या अनुभवाला त्यातून पुष्टी मिळाली. चित्राला जिभेची गरज नसते. शिवाय एकदा ज्याच्या शरीरावर दुसऱ्याची सत्ता चालली, त्याच्या हाती कागदावर पुन्हा सत्ता येते: कोणता रंग घ्यावा, कोठे थांबावे, कागद ठेवावा की फाडावा, हे तोच ठरवितो. पाहणाराही "तुझ्यावर काय बेतले?" असे न विचारता "हा काळा रंग इथे का?" एवढेच विचारतो. पुरुषाला हा आडवळणाचा प्रश्न पुष्कळदा सोसवतो.

बंगळूरशी या विषयाचे नाते जवळचे आहे. १८४७ च्या सुमारास येथे निघालेल्या वेड्यांच्या इस्पितळातून पुढे म्हैसूर संस्थानचे मनोरुग्णालय, १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि १९७४ साली आजची 'निम्हान्स' उभी राहिली. सुतारकाम व विणकाम यांना तेथील पुनर्वसनात स्थान आहे. तेथील बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. शेखर शेषाद्री यांनी छळ सोसलेल्या मुलांसाठी खेळ, गोष्टी आणि नाट्य यांचा उपयोग रूढ केला. ओनीर यांच्या २०१० च्या 'आय अ‍ॅम' या चित्रपटातील 'अभिमन्यू' ही कथाही बंगळुरातलीच. बालपणी छळ सोसलेल्या पुरुषाची ही कथा मुंबईचे कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या जीवनावरून प्रेरित आहे. चित्रपटाला शेकडो सामान्य माणसांनी वर्गणी दिली, आणि उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एकट्याचे गुपित होते ते असे चारचौघांचे झाले.

कला म्हणजे रामबाण औषध नव्हे. तिने न्याय मिळत नाही, आणि तज्ज्ञाच्या उपचारांची जागाही ती घेत नाही. तिचे काम शब्दांच्या आधीचे आहे. आज कागदावर रेघ ओढणारा हात उद्या तक्रारअर्जावर सही करू शकेल. मात्र त्या अर्जासाठी कायद्यात कलम आणि ऐकणाऱ्याच्या मनात जागा हवी. ही दोन्ही कामे कलावंताची नव्हेत; ती आपली आहेत.