काचेवरची चित्रे, पडद्यावरची माया

मेहकरला आमचे बालपण पैनगंगेच्या काठी आणि शारंगधर बालाजीच्या सावलीत गेले. तिथला सुटीतला एक उद्योग अजून आठवतो. उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरायचे, आरशाने उन्हाचा कवडसा अंधाऱ्या खोलीत घ्यायचा, वाटेत फिल्मचा तुकडा धरायचा, की भिंतीवर नट अवतरायचा. पण डोके खाली, पाय वर! तुकडाच उलटा धरायला हवा, हे उमगायला आम्हा पोरांना दोन दुपारी लागल्या.

पुढे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांविषयी वाचले, तेव्हा तो कवडसा पुन्हा डोळ्यांसमोर आला. 1892 च्या सुमारास त्यांनी मुलांच्या साथीने खेळ सुरू केला, त्याचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुराची ती शांबरी, म्हणजे माया. आणि खरोलिका म्हणजे दिवा. ‘मॅजिक लँटर्न’ला इतके झोकदार नाव दुसऱ्या कुणी दिले असेल असे मला वाटत नाही.

हे यंत्र मूळचे युरोपातले. हॉलंडच्या हायगेन्सने 1659 मध्ये त्याची कल्पना मांडली होती. पेटीत दिवा, पुढे रंगवलेली काच, तिच्यापुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा. पटवर्धनांची करामत पुढची. रामायण-महाभारतातले प्रसंग काचांवर हाताने रंगवलेले असत. रंग पारदर्शक हवा, नाहीतर प्रकाश अडतो. आणि कुंचला किंचित घसरला तर पडद्यावर नाक हातभर वाकडे. पात्राची किंचित बदलती रूपे वेगवेगळ्या काचांवर काढून, एकाहून अधिक दिव्यांतून ती झपाझप बदलली, की चित्र हलल्याचा भास होई. जोडीला निवेदन, संवाद, गाणे असे.

लोकांना हे अगदीच परके नव्हते. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी दिव्याच्या उजेडात एकेक चित्र पुढे करून रात्र रात्र कथा गात. इथे उजेड चित्राच्या मागे गेला, आणि मूठभरांनी वाकून पाहायचे चित्र अख्ख्या मंडपाला दिसू लागले.

ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला तो 7 जुलै 1896 रोजी. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. तोवर मराठी प्रेक्षक अंधारात बसून पडद्यावरचे देव पाहायला शिकला होता. हे श्रेय पटवर्धनांना द्यायला आपण विसरतो, याचे मला वाईट वाटते. सिनेमा आल्यावरही त्यांनी पेटी मिटली नाही. 1918 च्या सुमारापर्यंत खेळ चालू होते.

त्यातल्या काही काचा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या आहेत. पण कपाटातली काच ती काचच. मागे दिवा लागल्याशिवाय तिच्यातला हनुमान उडत नाही. एखाद्या शाळेने काच, बॅटरी आणि भिंग घेऊन असा खेळ करून पाहावा. बल्बचा मार्ग मात्र खुंटला. एलईडीत पाणी कुठून भरणार?