रिओचे बंदर आणि वालोंगोचा बाजार

मुंबईचे बंदर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हे बंदर डोळ्यांत साठवून एक इंग्रज बाई पुढे दक्षिण अमेरिकेत गेल्या. त्यांचे नाव मारिया ग्रॅहॅम. १८०९ साली त्या मुंबईस आल्या, घारापुरीची नि कार्ल्याची लेणी त्यांनी पाहिली आणि आपली रोजनिशी १८१२ साली छापली.

१८२१ च्या डिसेंबरात, कप्तान असलेल्या पतीच्या जहाजातून त्या ब्राझीलच्या रिओ द जानेरो शहरी पोचल्या. हे शहर तेव्हा मोठे भाग्याचे. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचे राजघराणे लिस्बन सोडून १८०८ साली येथे आले होते. तेव्हापासून १८२१ पर्यंत आपल्या गोव्याचे हुकूमसुद्धा रिओच्या दरबारातून सुटत, बघा!

बाईंनी रिओचा उपसागर पाहिला. समुद्रातून उभे उठलेले कडे, हिरवे डोंगर, मधून मधून बेटे. त्यांनी सरळ लिहून टाकले की, नेपल्स, त्रिंकोमाली आणि मुंबई, या साऱ्यांनी येथे हार मानावी. आपल्याला थोडे लागेल खरे. पण बाईंनी दोन्ही बंदरे पाहिली होती.

पुढे १८२२ साली केप हॉर्नजवळ त्यांचे पती वारले. विधवा होऊन त्या चिलीत राहिल्या नि १८२३ साली पुन्हा रिओला आल्या. १ मे रोजी त्या वालोंगोच्या रस्त्याने गेल्या. हा गुलामांचा बाजार. रस्ता लांबच लांब आणि जवळजवळ घरोघरी माणसे विकायला ठेवलेली! भिंतीलगत बाकांवर डोकी भादरलेली, हाडे वर आलेली कोवळी पोरे बसलेली. एका घराच्या अर्ध्या दारावर रेलून काही मुलेमुली बाहेर बघत होती. पंधराच्या वरची कोणी दिसत नव्हती. बाईंना रडू येत होते. तरी त्या जवळ जाऊन हसल्या. आणि ती मुले काय करतात? आनंदाने उड्या मारून नाचू लागतात! आपल्याकडे बघून कोणी हसले, एवढ्यानेच.

वालोंगोचा धक्का १८११ साली बांधला. तेथे सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसे उतरविली गेली, असा अंदाज आहे. १८४३ साली सम्राटाची नववधू यायची म्हणून त्याच जागी नवा, देखणा धक्का बांधला; जुने दगड खाली गाडले गेले. गुलामगिरी मात्र चालूच राहिली. ती कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. २०११ साली खोदकामात ते दगड पुन्हा उघडे पडले आणि २०१७ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

शिक्षक मित्रहो, नकाशावर रिओ दाखवाल तेव्हा मुलांना तो सुंदर उपसागर अवश्य सांगा. पण त्या अर्ध्या दाराशी उभी असलेली मुलेही सांगा. ती तुमच्या वर्गातल्या मुलांच्याच वयाची होती.