बंदिवासातील बोआ : आयातीपासून वंशावळीपर्यंत

मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आढळणारा बोआ कन्स्ट्रिक्टर हा भक्ष्याला विळखा घालून मारणारा बिनविषारी साप लिनीयसने १७५८ मध्ये शास्त्रीय नावाने नोंदवला. तथापि युरोपीय खलाशी आणि प्राणिसंग्राहक आशियातील अजगरांनाही पुढे दीर्घकाळ बोआच म्हणत राहिल्याने जुन्या नोंदींतील साप नेमका कोणता, हे ठरवणे अनेकदा अवघड जाते. अजगराची मादी अंडी घालून त्यांभोवती वेटोळे करून बसते, तर बोआची मादी गर्भ शरीरातच वाढवून जिवंत पिलांना जन्म देते, हा दोहोंतील मोठा भेद होय.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये जगातील पहिले स्वतंत्र सरीसृपगृह उघडले, तरी त्या काळी सापांची निगा प्रामुख्याने ऊब देण्यापुरती मर्यादित होती. त्यासाठी पिंजऱ्यात घोंगडी ठेवत, आणि बोआ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका सापाने ती घोंगडीच गिळून काही आठवड्यांनी ओकल्याची हकिकत तत्कालीन निसर्गलेखनात आढळते. गाभण अवस्थेत पकडलेली मादी पिंजऱ्यात व्याली, तरी त्यामुळे पैदाशीचे तंत्र हाती येत नव्हते. निगा सुधारल्यावर काय साध्य होऊ शकते, हे फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात १९७७ मध्ये चाळिशी ओलांडून मेलेल्या बोआने दाखवून दिले.

केवळ सततची ऊब पैदाशीला पुरेशी नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान आपोआप राखणारे थर्मोस्टॅट पाळणाऱ्यांच्या हाती आले, तेव्हा काही आठवडे रात्रीचे तापमान उतरवून ऋतुबदलाचा आभास निर्माण करणे आणि त्या काळात नर-मादी एकत्र ठेवणे सोपे झाले. गर्भधारणेनंतर मादीला गरजेनुसार जागा बदलता यावी म्हणून पिंजऱ्याचा एक भाग उबदार आणि दुसरा थंड ठेवतात. काही महिन्यांनी पातळ पारदर्शक पटलात गुंडाळलेली पिले आणि त्यांच्यासोबत कधी न फळलेले बलकाचे गोळेही बाहेर पडतात.

वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस करारात बोआचा १९७७ मध्ये समावेश झाल्यावर बंदिवासात जन्मलेल्या पिलांचे महत्त्व वाढले. पुढे रंजकहीन, म्हणजे काळे रंगद्रव्य नसलेल्या, पिलांना मोठी किंमत येऊ लागली. असे रंग अप्रभावी जनुकांमुळे, म्हणजे माता आणि पिता दोघांकडून आले तरच प्रकट होणाऱ्या गुणघटकांमुळे, उमटत असल्याने वंशावळ जपणे व्यवसायाची गरज ठरली.

या रंगनिवडीचा अनपेक्षित लाभ विज्ञानाला झाला. अमेरिकेतील एका मादीने दोन विणींत दिलेली सर्व २२ पिले मादी होती आणि सर्वांत आईचा दुर्मीळ कॅरॅमल रंग उतरला होता; नर सोबत असूनही ती अनिषेकजननाने, म्हणजे नराच्या बीजाविना, जन्मल्याचे २०१० मध्ये जनुकीय चाचण्यांनी सिद्ध झाले. त्या पिलांच्या लिंगगुणसूत्रांविषयीचा तेव्हाचा निष्कर्ष २०१७ च्या संशोधनाने बदलला, कारण बोआमध्ये मानवाप्रमाणे एक्स-वाय पद्धत असल्याचे त्यातून दिसले.

बंदिवासाबाहेर गेलेल्या सापांनी या व्यवसायाची दुसरी बाजूही दाखवली : अरुबा बेटावर १९९९ मध्ये प्रथम आढळलेला परका बोआ तेथे वेगाने पसरला. भारतातही वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटीस यादीतील जिवंत परदेशी प्राण्यांची मालकी, हस्तांतरण आणि जन्म यांची नोंदणी आवश्यक केली. त्यामुळे रंग आणि किंमत यांसाठी पैदासकारांनी स्वेच्छेने ठेवलेल्या जन्मनोंदीला आता कायदेशीर उत्तरदायित्वाचे रूप आले आहे.