मुंबईचं बंदर खाडीपलीकडे गेलं, जमिनीचं काय झालं?

मळवलीजवळ द्रुतगती मार्गावर कंटेनरच्या गाड्यांची रांग रोजच दिसते. चाकण-तळेगावच्या कारखान्यांचा माल घेऊन यातल्या बऱ्याच गाड्या उरण तालुक्यातल्या न्हावा शेवा म्हणजे जेएनपीटी बंदराकडे जातात. तसं बंदराशी नातं आपल्याला नवं नाही. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या दात्याचं नाव खांबावर कोरलेलं आहे आणि सोपारा हे त्या काळचं मोठं बंदर.

इंग्रजांच्या काळात माल मुंबईच्या गोदीत उतरायचा. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. पुढे कंटेनर आले. ते रचायला मोठं मोकळं आवार लागतं आणि गोदीभोवती तर शहर दाटलेलं. म्हणून खाडीपलीकडे नवं बंदर बांधलं. ते २६ मे १९८९ ला सुरू झालं. मुंबई बंदर बंद पडलं नाही, पण कंटेनरचा बहुतेक धंदा गेला. कॉटन ग्रीन, रे रोड, दारूखाना इथल्या वखारींची रया गेली. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाड्याचं काम क्रेननं घेतलं. बंदराच्या सुमारे १८०० एकर जमिनीचं काय करायचं, यासाठी केंद्रानं २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली.

पलीकडे उरणमध्ये उलटं घडलं. भातखाचरं आणि मिठागरं होती तिथं कंटेनर यार्ड आली. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेल्या, भाव मात्र तुटपुंजा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तरी जेएनपीटीच्या प्रकल्पग्रस्तांना त्याची पत्रं मिळायला २०१४ उजाडलं. बंदर सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती!

मावळात बंदर नाही, पण बंदराकडे जाणारा रस्ता आहे. कारखाने आणि गोदामं या रस्त्याच्या आधारानं वाढली. रस्त्यालगतचं शेत विकायला काढणाऱ्यानं उरणचा हा हिशेब आधी विचारून घ्यावा.

आता पालघरमध्ये वाढवण बंदर होतंय. केंद्रानं जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. तिथले मच्छीमार विरोधात उभे आहेत.